जुनं टोकारेव्ह पिस्तूल सारखं अडकतंय? आधी काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

हे टीटी-33 म्हणजे टोकारेव्ह पिस्तुलाबद्दल आहे. रुमानियाच्या कुजिर कारखान्यातलं असो, पोलंडच्या रादोमचं असो, की झास्तावाचं युगोस्लाव्ह एम-57 असो. अमेरिकेत ही पिस्तुलं लष्करी गोदामांतून आयात होऊन दुकानांत येतात आणि आपल्यापैकी बरेच जण हौसेने घेतात. माझ्याकडे ती एकाच तक्रारीसाठी येतात: "चालतं, पण मध्येच अडकतं." दरवेळी पिस्तूल वेगळं असतं, कारणं मात्र तीच ती चार-पाच.

भारतातल्या वाचकांसाठी आधीच सांगतो. तिथे 1959चा शस्त्र कायदा लागू आहे. परवान्याशिवाय पिस्तूल बाळगणं हा गुन्हा आहे. वाड्याच्या माळ्यावर आजोबांचं जुनं पिस्तूल सापडलं तर ते साफ करायला बसू नका, गाडीत टाकून कुठे नेऊही नका. जिथे आहे तिथेच ठेवा, पोलीस ठाण्याला कळवा आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे जमा करा. खालचं सगळं कायदेशीर मार्गाने, परवानाधारक विक्रेत्याकडून घेतलेल्या पिस्तुलासाठी आहे.

लक्षणं

आपल्या पिस्तुलाचं यातलं नक्की कोणतं, ते आधी ठरवा. "अडकतं" एवढ्यावरून काहीच कळत नाही.

- घोडा (मागचा, ठोका देणारा भाग) पडतो, पण गोळी उडत नाही. काडतूस बाहेर काढून पाहिलं तर प्रायमरवर, म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या ठोक्याने पेटणाऱ्या टोपीवर, उथळ खळगा दिसतो. तेच काडतूस पुन्हा भरलं की बऱ्याचदा उडतं.
- पहिली गोळी सुटते, दुसरं काडतूस नळीच्या मागच्या तोंडाशी तिरकं होऊन अडकतं.
- रिकामी पुंगळी बाहेर फेकली जात नाही. चेंबरमध्येच (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) राहते किंवा स्लाइडच्या, म्हणजे वरच्या सरकत्या भागाच्या, खिडकीत उभी चिमटली जाते.
- स्लाइड पूर्ण पुढे येत नाही, दोन-तीन मिलिमीटर मागेच थांबते. अंगठ्याने ढकलली की बसते.
- पुंगळ्या फार लांब उडतात आणि प्रत्येक गोळीला स्लाइड मागे धाडकन आपटल्याचं जाणवतं.
- हिवाळ्यात त्रास जास्त, उन्हाळ्यात कमी.
- चाप न ओढता घोडा पडतो, किंवा एकदा चाप ओढल्यावर दोन गोळ्या सुटतात.

शेवटचं लक्षण असेल तर खालचं काहीही करून बघू नका. पिस्तूल रिकामं करा, बाजूला ठेवा आणि गनस्मिथला, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराला, फोन करा. तो दोष घरी दुरुस्त करण्याचा नाही.

गोळी उडाली नाही तर लगेच स्लाइड ओढायची नाही. नळी निशाण्याकडेच रोखून तीस सेकंद मोजा. जुन्या दारूगोळ्यात बार उशिरा होऊ शकतो. आणि नेहमीपेक्षा दबका, फुसका आवाज आला तर पुढचा बार करायचाच नाही. आधीची गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि तिच्यामागून दुसरी सुटली तर नळी फाटते.

दुकानातच दिसणाऱ्या गोष्टी

सगळ्यात स्वस्त तपासणी पैसे देण्याआधीची. विक्रेत्याची परवानगी घ्या. मॅगझीन काढा, स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी बघा आणि करंगळीने चाचपून घ्या. मग छोट्या टॉर्चने नळी आतून पाहा.

नळी काळवंडलेली, खडबडीत असेल तर घाबरू नका. या पिस्तुलांवर खारट अवशेष सोडणारा दारूगोळा वर्षानुवर्षं चालला आहे, त्यामुळे थोडी खरवड असतेच आणि तरी निशाणा ठीक लागतो. बघायचं ते वेगळंच. नळीच्या आत एखादं गडद कडं दिसतं का? दिसलं तर त्या जागी नळी बाहेरून बोटांनी चाचपा. किंचित फुगवटा लागला तर ते पिस्तूल तिथेच ठेवा. अडकलेल्या गोळीवर दुसरी सुटल्याची ती खूण असते.

त्यानंतर पकडीच्या पट्ट्या. टोकारेव्हच्या पट्ट्या बाहेरून स्क्रूने बसवलेल्या नसतात, आतल्या बाजूने छोट्या खिट्ट्या फिरवून काढाव्या लागतात. दुकानदार बहुधा काढू देत नाही, पण विचारायला हरकत नाही. वरून काळीभोर, नीटस दिसणाऱ्या पिस्तुलाचा पट्टीखालचा भाग गंजाने खाल्लेला सापडतो. घाम आणि ओल तिथे साठते, वरून नव्याने दिलेला काळा रंग तिथवर पोचत नाही.

फ्रेम, स्लाइड आणि नळीवरचे क्रमांक जुळतात का, तेही पाहा. जुळले नाहीत म्हणून पिस्तूल वाईट ठरत नाही, लष्करी कारखान्यांत दुरुस्तीच्या वेळी भाग बदलले जात. मात्र नळी दुसरीच असेल तर चेंबरची मापं तपासून घ्यावी लागतील, म्हणजे गनस्मिथचा खर्च आला. तो किमतीतून वजा करून घ्या.

फ्रेमवर चापाच्या मागे एखादी छोटी कळ दिसेल. मूळ टीटीला अशी कळ नव्हती, फक्त घोड्याला अर्ध्यावर थांबवणारी खाच होती. 1968च्या अमेरिकन कायद्यानंतर आलेल्या आयातीच्या नियमांमुळे ती नंतर बसवलेली आहे. काही पिस्तुलांत ती इतकी ढिली असते की आपोआप अर्धवट सरकते, चाप जड होतो आणि लोक दोष दुसरीकडेच शोधत बसतात. तेव्हा ती कळ एकदा वरखाली करून बघा. आणि भरलेल्या पिस्तुलाचा घोडा अर्ध्या खाचेवर आणून ते सुरक्षित आहे असं समजू नका. सत्तर वर्षांच्या झिजलेल्या खाचेवर कुणाचाही जीव टांगू नये.

पहिली तपासणी: काडतूस बदलून बघा

पिस्तूल उघडण्याआधी एक खोका नवीन, चांगल्या काडतुसांचा आणा. सेलियर अँड बेलोट किंवा प्रवी पार्टिझान या कंपन्यांची 7.62×25, म्हणजे टोकारेव्हची काडतुसं, मिळतात. जुना लष्करी साठा स्वस्त पडतो, पण त्यातल्या काही लॉटचे प्रायमर कडक असतात. थोडी थकलेली घोड्याची स्प्रिंग नव्या काडतुसांवर व्यवस्थित चालते आणि त्या जुन्या लॉटवर मार खाते. नव्या काडतुसांनी त्रास पूर्ण थांबला तर निम्मं निदान झालं.

यातच एक पक्कं लक्षात ठेवा. माउजर सी-96 या जुन्या जर्मन पिस्तुलाचं 7.63 काडतूस दिसायला अगदी हेच आहे आणि बहुतेक टोकारेव्हमध्ये बसतंसुद्धा. उलटं मात्र कधीच करायचं नाही. टोकारेव्हच्या काडतुसाचा दाब जास्त असतो, तो जुन्या माउजरला सोसवत नाही.

दुसरी: मॅगझीन

तिरकं अडकणाऱ्या काडतुसाचा दोष नळीच्या मागच्या मुखाला देऊन लोक तिथे कानस घासायला घेतात. थांबा. टोकारेव्हमध्ये काडतुसाला दिशा देणारे काठ घोड्याच्या सुट्या जुडग्यावरच (घोडा आणि त्याला धरणारे भाग एकत्र असलेल्या तुकड्यावर) कोरलेले आहेत, त्यामुळे मॅगझीनचे ओठ थोडे वाकडे असले तरी चालून जातं. रचनेतच ही सोय असताना काडतूस तिरकं जातं, म्हणजे मॅगझीन ते वर ढकलतच नाहीये. कारण बहुतेक वेळा आत सुकलेलं ग्रीस किंवा दमलेली स्प्रिंग.

मॅगझीनचा तळ काढा, स्प्रिंग आणि ढकलणारा पत्रा बाहेर घ्या, आतून धुऊन कोरडं करा. आत तेल घालू नका, त्यावर धूळ बसते आणि पुन्हा तेच. मग पाच-सहा स्नॅप कॅप म्हणजे नकली काडतुसं भरून अंगठ्याने एकेक पुढे सरकवा. प्रत्येक वेळी पुढचं झटक्यात वर आलं पाहिजे. रेंगाळलं तर स्प्रिंग बदला. दुसरं मॅगझीन हाताशी असेल तर आधी ते लावून बघा. टीटीचं मॅगझीन आठ काडतुसांचं आणि एम-57चं नऊचं, लांबी वेगळी, तेव्हा मागवताना नीट पाहून मागवा.

तिसरी: खरी साफसफाई

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण माझ्याकडे आलेली बहुतेक पिस्तुलं इथेच बरी झाली आहेत.

गोदामात ठेवण्याआधी ही पिस्तुलं कॉस्मोलीन किंवा तशाच जाड ग्रीसमध्ये बुडवलेली असतात. गंजापासून ते खरंच वाचवतं. त्याच्याचमुळे आज ही पिस्तुलं आपल्या हातात येतात, म्हणून त्याच्यावर माझा राग नाही. पण दशकं उलटली की ते सुकून जुन्या डिंकासारखं घट्ट होतं. दुकानदार वरवर पुसतो, पिस्तूल चकचकीत दिसतं, आणि फायरिंग पिनच्या (प्रायमरवर टोचणाऱ्या खिळ्याच्या) बोगद्यात, एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याच्या) खाली, घोड्याच्या जुडग्यात ते तसंच राहतं. थंडीत आणखी घट्ट होतं, म्हणून हिवाळ्यात त्रास वाढतो.

पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करा आणि काडतुसं खोलीबाहेर ठेवा. मग उजव्या बाजूची क्लिप मागे सरकवून स्लाइड स्टॉप (स्लाइड अडवणारा खटका) डावीकडे काढा, स्लाइड पुढून बाहेर येईल. रिकॉइल स्प्रिंग (स्लाइडला परत पुढे ढकलणारी) दबलेली असते, ती डोळ्याकडे सुटू नये म्हणून चष्मा घाला. घोड्याचं जुडगं अख्खं वर उचललं जातं, टोकारेव्हची ही सगळ्यात शहाणी रचना. ते पुढे सुटं करू नका, अख्खंच धुवा. पकडीच्या पट्ट्या काढून बाजूला ठेवा, त्यांना उष्णता किंवा द्रावण लागू देऊ नका.

पेट्रोल वापरू नका. त्याची वाफ पेट घेते. मिनरल स्पिरिट चांगलं, तेही मोकळ्या हवेत, जवळ गॅस किंवा हीटर नसताना, नायट्राइल हातमोजे घालून. लोखंडी भाग ट्रेमध्ये तासभर भिजू द्या, मग टूथब्रशने घासा. घट्ट बसलेलं असेल तर आधी हेअर ड्रायरने कोमट करा, कॉस्मोलीन पन्नास अंशांच्या आसपास पातळ होऊन वाहायला लागतं. भिजलेल्या चिंध्या बाहेर पसरून वाळवा, डब्यात कोंबू नका.

आता फायरिंग पिन. गोळी न उडण्याचं उत्तर बहुतेक इथेच असतं. पिन स्लाइडमध्ये एका आडव्या खिळीने अडवलेली असते. खिळी योग्य मापाच्या पंचने हळू काढायची, पिन आणि तिची छोटी स्प्रिंग बाहेर येते. (काही एम-57मध्ये पिन अडवायची रीत वेगळी असते. खिळी दिसली नाही तर ठोकाठोकी करू नका.) मग बोगद्यात द्रावण सोडा आणि कापूस गुंडाळलेली काडी फिरवा. पहिल्यांदा काडी जातच नाही. जरा दाबलं की पलीकडून तपकिरी रंगाची गच्च बत्ती बाहेर पडते, बोगद्याच्या आकाराचीच. घोड्याचा सगळा जोर त्या बत्तीत जिरत होता, म्हणून प्रायमरवर उथळ खळगा.

याची दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. हेच ग्रीस पिनला पुढे चिकटवूनही ठेवू शकतं. मग स्लाइड बंद होताना पुढे आलेलं टोक प्रायमरवर आपटून बार होऊ शकतो, चापाला बोटही न लावता. म्हणून न धुतलेल्या पिस्तुलात खरं काडतूस घालायचं नाही, मग विकणाऱ्याने काहीही सांगितलेलं असो.

पिन धुतल्यावर तिचं टोक भिंगाखाली बघा. गोल, गुळगुळीत असायला हवं. तुटकं, धारदार असेल तर ते प्रायमर भोसकेल. नवीन पिन घ्या, जुनी घासून नीट करायला जाऊ नका. बोगदा कोरडा ठेवा, तिथे तेलाचा थेंबही नको.

चेंबर कांस्याच्या ब्रशने फिरवून घासा. पुंगळी आत चिकटत असेल तर कारण बहुतेक तिथला सुकलेला थर असतो. एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखालची घाण लाकडी टोकाने खरवडा. पुंगळीची कड पकडायला त्या आकड्याला मोकळी जागा लागते.

गंजाबद्दल थोडं. लाल गंज अगदी बारीक, चार शून्यांच्या स्टील वूलवर तेल घेऊन हलक्या हाताने निघतो. पॉलिश पेपर नको, बफ नको, घरी नवा काळा रंग तर नकोच. कारखान्याचा शिक्का, सालाची खूण, दुरुस्ती कारखान्याची नोंद हे सगळं त्या पृष्ठभागावरच आहे. एकदा घासलं की गेलं. 1950च्या दशकात कुजिरमध्ये बनलेल्या पिस्तुलाची झीज हा त्याचा इतिहास आहे, तो जपायला हवा.

शेवटी सगळं कोरडं करून स्लाइडच्या खाचांना आणि नळीच्या बाहेरून पातळ तेल लावा. हात थंड पाण्याने, साबण लावून धुवा. जुन्या नळीतल्या काजळीत शिसं असतं. जेवणाच्या टेबलावर हे काम करू नका.

चौथी: स्प्रिंगा

साफ केल्यावरही स्लाइड पूर्ण पुढे येत नसेल, किंवा पुंगळ्या लांब उडून स्लाइड जोरात आपटत असेल, तर रिकॉइल स्प्रिंग गेली. 7.62×25 हे जोरकस काडतूस आहे. थकलेली स्प्रिंग स्लाइडला थोपवू शकत नाही, तो मार फ्रेम खाते आणि फ्रेमला तडा गेला की पिस्तूल संपलं. नवीन स्प्रिंग एका जेवणाच्या पैशांत येते. जुनी-नवी शेजारी ठेवून लांबी बघा, फरक डोळ्यांना दिसेल. जुनी बरी वाटली तरी मी ती बदलतोच आणि मूळची पिशवीत घालून पिस्तुलासोबत ठेवतो.

बोगदा स्वच्छ, काडतुसं नवी आणि तरी खळगा उथळ असेल तर घोड्याची स्प्रिंग. टोकारेव्हमध्ये ती घोड्याच्या आतच असते. ती बदलायला जुडगं सुटं करावं लागतं आणि तिथे घोड्याला धरणारे भाग आहेत. सवय नसेल तर हे काम गनस्मिथला द्या.

पाचवी: रिकाम्या पिस्तुलाची परीक्षा

चेंबर पुन्हा तपासा. स्नॅप कॅप घाला. घोडा पूर्ण मागे घ्या आणि अंगठ्याने मागून जोरात पुढे ढकला. तो पडता कामा नये. मग चाप ओढा, घोडा पडेल. चाप तसाच दाबून धरून स्लाइड ओढा आणि सोडा. घोडा मागेच राहिला पाहिजे. चाप सोडून पुन्हा ओढल्यावरच पडला पाहिजे. हे बऱ्याचदा करून बघा, कारण झिजलेला भाग चार वेळा धरतो आणि पाचव्यांदा सोडतो.

इथे एकदाही चूक झाली तर काम थांबवा.

सगळं ठीक असेल तर रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, पहिल्यांदा मॅगझीनमध्ये एकच काडतूस घाला. मग दोन. दोन्ही वेळा नीट चाललं तरच पुढे. मॅगझीन भरून सुरुवात करण्याची घाई कशाला? एकाऐवजी दोन बार होण्याचा दोष असेल तर तो दोन काडतुसांतच उघड व्हावा. आठ भरलेली असताना हातातलं पिस्तूल आवरत नाही.

जुना दारूगोळा वापरलात तर

पूर्व युरोपातल्या जुन्या साठ्याच्या प्रायमरमध्ये बऱ्याचदा पोटॅशियम क्लोरेट असतं. बार झाल्यावर त्यातून पोटॅशियम क्लोराइड उरतं. हे मीठ हवेतली ओल ओढून घेतं आणि नळी एका रात्रीत गंजायला लागते. नेहमीच्या तेलकट द्रावणात मीठ विरघळत नाही, पाण्यातच विरघळतं. रेंजवरून आल्यावर त्याच दिवशी नळी, स्लाइडचं तोंड आणि फायरिंग पिनचं भोक गरम पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, मग तेल. साफ केलेलं पिस्तूल महिन्याभराने पुन्हा अडकायला लागलं, की मी आधी हेच विचारतो: कोणती काडतुसं वापरली, आणि पाणी लावलं होतं का?

गनस्मिथकडे कधी

हे दिसलं की घरचं काम बंद:

नळीवरच्या किंवा स्लाइडच्या आतल्या कुलूप लावणाऱ्या खाचांचे काठ गोल झालेत किंवा चेपलेत. नळीखालची झुलती कडी किंवा तिची खिळी ढिली आहे. स्लाइड स्टॉपच्या दांड्यावर, फ्रेमवर किंवा स्लाइडवर केसाएवढाही तडा आहे. पुंगळ्यांची मान फाटते, अंग फुगतं, किंवा प्रायमर मागे सरकून बाहेर येतो. रिकाम्या पिस्तुलाच्या परीक्षेत घोडा एकदा जरी पडला. नळीत काहीही अडकलंय.

हे काडतूस मानेच्या खांद्यावर टेकतं, त्यामुळे चेंबरची खोली मोजायला त्याचे ठरलेले गेज लागतात. ते घरी नसतात आणि अंदाजाने ठरवायची ही गोष्ट नाही. घोडा धरून ठेवणाऱ्या खाचांना दगड किंवा कानस लावून "चाप हलका" करण्याचे व्हिडिओ पाहून कुणी ते करायला गेलं, तर त्याला माझी हात जोडून विनंती आहे की करू नको. त्या काठाचा एक केस घासला गेला तरी हे पिस्तूल स्वतःहून सुटू शकतं.

गनस्मिथकडे जाताना पिस्तूल रिकामं, स्लाइड मागे अडकवून, मॅगझीन वेगळं, असं बंद पेटीत न्या आणि दुकानात शिरण्याआधी फोन करून सांगा. सोबत तुमची सगळी मॅगझीन, वापरलेल्या काडतुसांचा खोका, न उडालेल्या काडतुसांच्या प्रायमरचे फोटो आणि अडकलेल्या वेळच्या पुंगळ्या घ्या. न उडालेली काडतुसं रेंजवरच्या ठरलेल्या डब्यात टाका, खिशात घालून फिरू नका. कोणत्या मॅगझीनला, कितव्या काडतुसाला, थंडीत की उन्हात अडकलं, हे कागदावर लिहून द्या. त्यातून त्याचा तासभर वाचतो आणि तुमचे पैसेही.